भरताचं वांगं आणि कस्टमचा नंबर

थंडी पडली की आमच्या जळगावात शेताच्या बांधावर कपाशीच्या पऱ्हाट्यांचा जाळ होतो. त्यात भरताची मोठी हिरवी वांगी टाकायची, साल काळी पडून सुटेपर्यंत उलटीपालटी करायची, मग सोलून लाकडी बडगीत ठेचायची. मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, वरून तेल. अशाच एका भरीत पार्टीत धुळ्याच्या बाजूच्या एका व्यापारी मित्राने विचारलं, "हेच भरीत परदेशातून बरणीत बंद होऊन आलं, तर कस्टमला ते वांगं म्हणून दाखवायचं की अजून काही?"

आयात-निर्यातीच्या कागदांचं काम मी रोज करतो, तरी इतका नेमका प्रश्न क्वचितच ऐकायला मिळतो. तयार भाज्यांच्या वर्गीकरणाचा सगळा गुंता त्या एका वांग्यात आहे, म्हणून उत्तर तिथूनच सुरू करतो.

ताजं वांगं आलं तर कस्टमच्या मालयादीत त्याचा नंबर ०७.०९ मध्ये. त्याच्या चकत्या करून वाळवल्या तर ०७.१२. नुसतं वाफवून गोठवलं तर ०७.१०. पण तेच वांगं विस्तवावर भाजून मग गोठवलं, तर ते ०७ सोडून थेट २०.०४ मध्ये जातं. भाजून, ठेचून, न गोठवता बरणीत भरलं तर २०.०५. व्हिनेगरमध्ये टिकवलं तर २०.०१. वांगं तेच, वेलीवरचं की झाडावरचं हा प्रश्न कुठेच आला नाही. त्या वांग्यावर काय प्रक्रिया झाली आणि ते बंदरावर कोणत्या अवस्थेत उतरलं, एवढंच कस्टम बघतं. पुढचं सगळं याच एका गोष्टीचं स्पष्टीकरण आहे.

हे नंबर येतात कुठून? बेल्जियममधल्या ब्रुसेल्सला जागतिक सीमाशुल्क संघटनेचं मुख्यालय आहे. तिथे जगातल्या सगळ्या व्यापारी मालाची एक यादी ठेवली जाते. तिला हार्मोनाइज्ड सिस्टिम म्हणतात, बोलताना आपण नुसतं एचएस म्हणतो. ही पद्धत १ जानेवारी १९८८ पासून लागू आहे. पहिले दोन अंक म्हणजे चॅप्टर, चार अंक म्हणजे हेडिंग, सहा अंक म्हणजे सबहेडिंग. या सहा अंकांपर्यंत पद्धत मानणाऱ्या सगळ्या देशांचं कोष्टक एकच. त्यापुढे प्रत्येक देश स्वतःच्या सोयीने अंक जोडतो. भारतात एकूण आठ अंक आहेत आणि ते सीमाशुल्क दर अधिनियम, १९७५ च्या पहिल्या अनुसूचीत छापलेले असतात. मी इथे चार अंकी हेडिंग मध्ये टिंब देऊन लिहितोय, कारण २००४, २००५ असं सलग लिहिलं की वाचणाऱ्याला सालं वाटतात. बिल ऑफ एन्ट्रीत, म्हणजे आयात मालाचा तपशील लिहून कस्टमला द्यायच्या कागदात, टिंब नसतं.

भाज्यांसाठी दोन चॅप्टर महत्त्वाचे. सातवा, म्हणजे खाण्याच्या भाज्या, कंद आणि मुळं. आणि विसावा, म्हणजे भाज्या, फळं वगैरेंपासून तयार केलेले पदार्थ. नवीन माणूस इथे हमखास चुकतो. त्याला वाटतं सातवा म्हणजे कच्ची भाजी आणि विसावा म्हणजे प्रक्रिया केलेली. तसं नाही. सातव्या चॅप्टरलाही काही प्रक्रिया मान्य आहेत. थंड करणं चालतं. गोठवणं चालतं, आणि गोठवण्याआधी पाण्यात उकडणं किंवा वाफवणंही चालतं, हे ०७.१० च्या मजकुरातच लिहिलेलं आहे. वाळवणं, चिरणं, भुगा करणं, पूड करणं चालतं, ते ०७.१२. तात्पुरतं टिकवणंही चालतं, म्हणजे पिंपात खारवून ठेवलेला माल, जो त्या अवस्थेत ताटात वाढता येत नाही, आधी खारटपणा उतरवून पुढे कारखान्यात न्यावा लागतो; तो ०७.११.

विसाव्या चॅप्टरची पहिलीच टीप सांगते की ७, ८ किंवा ११ या चॅप्टरमध्ये दिलेल्या प्रक्रियांनी तयार केलेला माल इथे येणार नाही. म्हणजे आधी सातव्याचं दार ठोठवायचं. तिथली परवानगीची यादी ओलांडली असेल तरच विसाव्यात शिरायचं. तळलं, ओलांडली. विस्तवावर भाजलं, ओलांडली. मसाला लावून शिजवलं, ओलांडली. उकडून डब्यात हवाबंद केलं, तरी ओलांडली, कारण उकडण्याची सवलत फक्त गोठवलेल्या मालाला आहे.

मटार घेतला की हे चटकन कळतं. शेंगेतला ताजा मटार ०७.०८. सोलून, वाफेवर धरून गोठवलेला ०७.१०. कडक वाळलेला वाटाणा ०७.१३. डब्यात पाण्यासकट बंद केलेला, उघडून थेट भाजीत टाकता येणारा २०.०५. गोठवण्याआधी थोडं मीठ किंवा साखर घातली म्हणून मटार ०७.१० मधून हलत नाही. पण बटाट्याच्या कांड्या घ्या. कच्च्या चिरून, गरम पाण्यातून काढून गोठवल्या तर ०७.१०. कारखान्यात मिनिट-दोन मिनिटं तेलात सोडून मग गोठवल्या तर २०.०४. दोन्ही पाकिटं फ्रीजरमध्ये शेजारी ठेवा, बाहेरून फरक सांगता येणार नाही. पाकीट उलटं करून घटकांची यादी वाचा. बटाटा आणि त्यानंतर वनस्पती तेल असं लिहिलेलं दिसलं, की बहुतेक वेळा उत्तर तिथेच मिळतं. मी नवीन मुलांना शिकवतो तेव्हा पहिल्या दिवशी कायद्याचं पुस्तक देत नाही, बाजारातून आणलेली चार पाकिटं देतो आणि पाठीमागची बारीक अक्षरं मोठ्याने वाचायला लावतो.

कांद्याकडे येऊ, कारण जळगावात कांदा वाळवून परदेशी पाठवण्याचा धंदा जुना आहे आणि या भागातल्या पुष्कळ घरांचं पोट त्यावर चालतं. ताजा कांदा ०७.०३. वाळवलेल्या चकत्या, तुकडे, दाणे आणि पूड, सगळं ०७.१२ मध्ये, कारण त्या हेडिंगमध्ये अख्खं, चिरलेलं, तुकडे केलेलं आणि पूड हे सगळे प्रकार नाव घेऊन दिलेले आहेत. पण तिथेच एक अट आहे: यापुढे आणखी काही तयारी केलेली नसावी. त्या चार शब्दांवरून वाद होतात. वाळवलेला कांदा तेलात लालसर तळून बिर्याणीवर टाकायला पाकिटात भरला, की तो २०.०५ मध्ये गेला. कांद्याच्या पुडीत मीठ आणि मसाले मिसळून चव देणारं मिश्रण केलं, तर ते २१.०३ मध्ये, मसाल्यांच्या आणि सॉसच्या रांगेत. वाळवलेल्या भाज्यांचं नुसतं मिश्रण ०७.१२ मध्ये राहतं, पण त्यात मीठ-मसाला घालून पाण्यात उकळलं की सूप होईल असं केलं तर २१.०४. निर्यात करणाऱ्यालाही हे माहीत हवं. आपला माल पलीकडच्या देशात आयातच असतो, आणि तिथला अधिकारीही याच सहा अंकांनी बघतो.

आता दोन अपवाद सांगतो. खान्देशातल्या माणसाला ते पाठ असायला हवेत, कारण दोन्ही आपल्या पिकांचे आहेत.

पहिला मिरचीचा. नंदुरबारच्या पथारींवर लाल मिरची वाळत पडलेली ज्याने पाहिलीय, त्याला सहज वाटेल की वाळलेली भाजी म्हणजे ०७.१२. नाही. सातव्या चॅप्टरची चौथी टीप स्पष्ट म्हणते की वाळवलेली, कुटलेली किंवा दळलेली मिरची या चॅप्टरमध्ये येत नाही. ती ०९.०४ मध्ये, काळ्या मिरीच्या शेजारी, मसाल्यांत. झाडावरची हिरवी मिरची ०७.०९, पथारीवर सुकली की भाजीपणा संपला.

दुसरा केळीचा. रावेर-यावलकडे कच्च्या केळीची भाजी घरोघर होते, वेफर्स तर गल्लोगल्ली तळले जातात. पण कस्टमच्या लेखी केळी कच्ची असो वा पिकलेली, ती फळच; ताजी असो की वाळवलेली, ०८.०३ मध्ये. आणि विसाव्या चॅप्टरची तिसरी टीप २०.०१, २०.०४ आणि २०.०५ या हेडिंगचं दार मुख्यतः सातव्या चॅप्टरच्या मालापुरतंच उघडं ठेवते. म्हणून बटाट्याचे वेफर्स २०.०५ मध्ये जातात आणि त्याच कढईत तळलेले केळीचे वेफर्स २०.०८ मध्ये. "दोन्ही वेफर्सच ना भाऊ," असं म्हणून एकाच नंबरावर दोन्ही दाखवणारे मी पाहिले आहेत. तो नंबर टिकत नाही.

फळ की भाजी हा वाद नवा नाही. अमेरिकेत १८८३ च्या कायद्याने भाज्यांवर दहा टक्के जकात होती आणि फळं मोकळी होती. न्यूयॉर्क बंदरावर निक्स नावाच्या व्यापाऱ्याने टोमॅटो आणले, जकात वसूल झाली, आणि वनस्पतिशास्त्राप्रमाणे टोमॅटो फळ आहे म्हणून तो कोर्टात गेला. १८९३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की लोक टोमॅटो जेवणात भाजी म्हणून खातात, गोड पदार्थ म्हणून नाही, तेव्हा जकातीपुरती ती भाजीच. आजच्या एचएसमध्ये टोमॅटोला ०७.०२ हे स्वतःचं हेडिंग आहे, त्यामुळे तेवढा वाद मिटला. तयार टोमॅटोलाही स्वतंत्र जागा आहे: प्युरी आणि पेस्ट २०.०२, केचप मात्र सॉस म्हणून २१.०३. टोमॅटोच्या रसातला कोरडा अंश वजनाने ७ टक्के किंवा जास्त असेल तर तो रस राहत नाही, २०.०२ मध्ये जातो. एका टक्क्याच्या फरकाने नंबर बदलतो, म्हणून अशा मालासोबत प्रयोगशाळेचा अहवाल असावाच लागतो.

नंबर शोधताना क्रमाने कसं जायचं याचे सहा सामान्य नियम आहेत. पहिला नियम सगळ्यांचा बाप आहे: हेडिंगचा मजकूर आणि चॅप्टरच्या टिपा हेच कायद्याने बांधील, चॅप्टरचं वरचं नाव फक्त सोयीसाठी. त्यामुळे 'भाज्यांपासून तयार केलेले पदार्थ' हे नाव वाचून धावायचं नाही, टिपा वाचायच्या. तिसरा नियम लागतो तेव्हा, जेव्हा एकच माल दोन हेडिंगमध्ये बसेलसा वाटतो. तिथे नेमकं वर्णन सर्वसाधारण वर्णनापेक्षा वरचढ. त्याने सुटलं नाही तर मिश्रणाचा मूळ स्वभाव कोणत्या घटकाने ठरतो ते बघायचं. तरीही सुटलं नाही तर नंबरात जे हेडिंग शेवटी येतं ते. भाजीत मांस, मासे यांचं प्रमाण वजनाने २० टक्क्यांच्या वर गेलं तर बहुतेक वेळा माल सोळाव्या चॅप्टरमध्ये निघून जातो, हेही टिपेतच आहे. बाकीच्या नियमांचा रोजच्या कामात एवढा संबंध येत नाही.

एवढा काथ्याकूट कशासाठी? नंबरावर पैसे ठरतात म्हणून. समजा मालाची किंमत १०,००,००० रुपये आणि मूळ सीमाशुल्क ३० टक्के. ३,००,००० झाले. त्यावर समाजकल्याण अधिभार, मूळ शुल्काच्या १० टक्के, म्हणजे ३०,०००. आता १३,३०,००० वर आयजीएसटी (आयातीवरचा एकात्मिक जीएसटी). म्हणजे शुल्कावरही कर बसतो. नंबर चुकला की मूळ दर बदलू शकतो, आयजीएसटीचा दर बदलू शकतो, आणि एखाद्या देशाशी मुक्त व्यापार करार असेल तर त्यातली सवलत त्या नंबराला आहे की नाही तेही बदलतं. दर अर्थसंकल्पात आणि मधल्या अधिसूचनांनी हलत राहतात, म्हणून मागच्या कंटेनरचा दर पुढच्याला गृहीत धरू नका. परवानग्याही नंबराच्या मागोमाग येतात. ताज्या भाजीला वनस्पती संगरोध विभागाची तपासणी लागते. खाण्याच्या मालाला अन्न सुरक्षा प्राधिकरणाची मंजुरी लागते, आणि तिथे लेबल आणि शिल्लक मुदत दोन्ही बघतात.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांतली एक गोष्ट मला अजून बोचते. एका छोट्या व्यापाऱ्याने हॉटेलांना विकायला गोठवलेल्या मिश्र भाज्यांचा कंटेनर मागवला. पुरवठादाराच्या इनव्हॉइसवर 'गोठवलेल्या भाज्या' आणि नंबर ०७.१०. आम्ही तोच नंबर उचलून बिल ऑफ एन्ट्री भरली. न्हावा शेवा बंदरात पेटी उघडली तेव्हा आत ढोबळी मिरची, झुकिनी आणि वांग्याचे काप, प्रत्येकावर जाळीचे काळे पट्टे उमटलेले. माल विस्तवावर भाजून मग गोठवलेला होता. म्हणजे २०.०४. नमुना प्रयोगशाळेत गेला, कंटेनर थांबला. थंड पेटीला वीज जोडून ठेवण्याचं भाडं, जागेचं भाडं, शिपिंग कंपनीचं भाडं, हे सगळं रोजच्या रोज चढत होतं. त्या माणसाने घरातलं सोनं ठेवून माल मागवला होता. वाद चालू असताना सीमाशुल्क अधिनियमाच्या कलम १८ खाली तात्पुरतं मूल्यांकन मागता येतं, बाँड आणि हमी देऊन माल सोडवता येतो, हे त्याला वेळेवर कोणी सांगितलं नाही. सांगणं माझं काम होतं. शुल्कातला फरक नंतर फारसा निघाला नाही, भाड्यानेच तो खचला. ते काळे पट्टे पुरवठादाराच्या छापील पत्रकातल्या फोटोत स्पष्ट दिसत होते. फोटो मी पाहिला होता, पण काय बघायचं ते कळत नव्हतं.

२०११ पासून आयातदाराने स्वतःच शुल्क ठरवून भरायचं अशी पद्धत आहे. म्हणजे नंबर बरोबर असण्याची पहिली जबाबदारी आयातदाराची. ती पुरवठादाराची नाही, आणि कस्टम ब्रोकरवर (आयातदाराच्या वतीने कस्टमचे कागद भरणाऱ्यावर) सगळी ढकलताही येत नाही. कमी शुल्क भरलं गेलं असेल तर सीमाशुल्क अधिनियम, १९६२ च्या कलम २८ खाली साधारणपणे २ वर्षांच्या आत मागणी येऊ शकते. मुद्दाम लपवलं किंवा खोटं लिहिलं असं ठरलं तर ५ वर्षांपर्यंत, आणि वर दंड. उलट, जास्त भरलं गेलं असेल तर परतावा मागायला १ वर्षाची मुदत आहे. ती बहुतेक छोटे व्यापारी हातची घालवतात, कारण आपण जास्त भरलं हे त्यांना कळतच नाही.

शंका खरी असेल तर माल मागवण्याआधीच अग्रिम निर्णय मागता येतो. त्यासाठी मुंबई आणि दिल्लीला प्राधिकरणं आहेत. अर्जात माल काय, प्रक्रिया कशी, तुमच्या मते नंबर कोणता आणि का, हे लिहून द्यायचं. निर्णय ३ महिन्यांत देण्याची तरतूद आहे आणि तो अर्जदाराला आणि कस्टमला दोघांनाही बांधील असतो. एकच माल वर्षानुवर्षं आणणार असाल तर हा खर्च आणि ही वाट पाहणं परवडतं. एखाद्याच कंटेनरसाठी मात्र कारखान्याकडून प्रक्रियेचा लेखी तपशील मागवणं जास्त व्यवहारी.

भरीत पार्टीतल्या मित्रालाही मी तेच सांगितलं. दोन दिवसांनी तो बरणीचा फोटो घेऊन आला. तुर्कस्तानचा माल, भाजलेल्या वांग्याचा गर. त्याच्यासमोर बसून पुरवठादाराला पाठवायचे प्रश्न आम्ही लिहिले. वांगं विस्तवावर भाजता की वाफेवर शिजवता? भाजल्यावर गोठवता की बरणीत भरून उष्णतेने निर्जंतुक करता? व्हिनेगर किंवा ॲसिटिक ॲसिड घालता का, घालत असाल तर किती, आणि टिकण्यासाठी की चवीला? तेल, मीठ, लसूण यांचं वजनाने प्रमाण काय? गर लहान मुलांसाठी किंवा पथ्याच्या आहारासाठी अगदी मऊ वाटून, २५० ग्रॅमपर्यंतच्या डब्यात भरून विकता का? हा शेवटचा प्रश्न त्याला विचित्र वाटला, पण तशा मालाला २०.०५ मध्येच वेगळं सबहेडिंग आहे.

आठवड्याने उत्तर आलं. गॅसच्या ज्वाळेवर भाजतो, सोलतो, मीठ घालतो, चवीला थोडं सायट्रिक ॲसिड, बरणीत भरून उष्णता देतो. व्हिनेगर नाही, गोठवत नाही, बरणी ६०० ग्रॅमची. मित्राने फोनवर वाचून दाखवलं आणि मी काही बोलायच्या आत स्वतःच म्हणाला, "म्हणजे २०.०५, आणि त्यातही 'इतर'मध्ये, २००५.९९. बरोबर ना?"

बरोबर होतं. ते पत्र त्याने छापून फाइलला लावलं, पहिल्या पानावर.